शॅम्पेन-अर्बाना: विद्यापीठाच्या गावात राहायला जाताना आणि मुलांना भेटायला जाताना

शिकागोच्या दक्षिणेला साधारण १३५ मैलांवर, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांच्या मधोमध शॅम्पेन आणि अर्बाना ही जोडशहरं आहेत. २०२० च्या जनगणनेत शॅम्पेनची लोकसंख्या ८८ हजार आणि अर्बानाची ३८ हजार होती. दोन्ही शहरांच्या सीमेवर इलिनॉय विद्यापीठ आहे आणि तिथे ५५ हजारांहून जास्त विद्यार्थी शिकतात. या आकड्यांवरूनच गावाचा स्वभाव लक्षात येईल. घरभाडं, बसच्या फेऱ्या, हॉटेलचे दर, जुन्या सामानाचा बाजार, सगळं विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे वर-खाली होतं.

पुणे, मुंबई, नागपूर, नाशिककडून दरवर्षी मुलं-मुली इथे एमएस, पीएचडीला येतात आणि मागाहून त्यांचे आई-बाबा येतात. अमेरिकेबद्दल आपण जे ऐकलेलं असतं ते बहुतेक मोठ्या शहरांचं असतं. तो अनुभव घेऊन इथली तयारी केली तर पैसे तरी जास्त जातात किंवा मनस्ताप तरी होतो. म्हणून माझा पहिला आग्रह हा, की तिकीट, घर, आई-बाबांची भेट, काहीही ठरवण्याआधी विद्यापीठाचं शैक्षणिक कॅलेंडर समोर उघडून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याच आधाराने लिहिते आहे.

पहिली पायरी: कॅलेंडरवर खुणा करा

शिकवणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होते. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची आठवडाभर सुट्टी असते, डिसेंबरच्या मध्याला सत्र संपतं, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दुसरं सुरू होतं, मार्चमध्ये पुन्हा आठवड्याची सुट्टी आणि मे महिन्याच्या मध्याला पदवीदान. जून-जुलैत गाव ओस पडतं.

या प्रत्येक तारखेचा व्यवहाराशी संबंध आहे. सुट्ट्यांमध्ये बसच्या फेऱ्या कमी होतात. पदवीदानाच्या शनिवार-रविवारी, होमकमिंगला (जुने विद्यार्थी परत येतात तो सोहळा) आणि फुटबॉलच्या घरच्या सामन्यांना हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट-तिप्पट दराने. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस देशात शिरता येतं, त्यामुळे ‘लवकर जाऊन घर शोधू’ हा बेत फारसा चालत नाही. घर भारतातूनच ठरवावं लागतं.

घर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आधी एक नियम. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा विद्यापीठाने मान्यता दिलेल्या खासगी वसतिगृहातच राहावं लागतं. तेव्हा खालचं सगळं प्रामुख्याने एमएस-पीएचडीवाल्यांसाठी आणि कुटुंबासह येणाऱ्यांसाठी आहे. कुटुंब असेल तर अर्बानाच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड डाउन्स या विद्यापीठाच्या वसाहतीची चौकशी पहिल्यांदा करा.

इथे लीज म्हणजे भाडेकरार वर्षाचं असतं, ऑगस्ट ते ऑगस्ट. आणि पुढच्या ऑगस्टची घरं आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून जायला लागतात. जुने विद्यार्थी चांगली घरं वर्षभर आधी धरून ठेवतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये प्रवेश मिळालेल्याच्या वाट्याला उरलेलं येतं. घाबरू नका, उरलेलंही पुष्कळ असतं. फक्त ग्रीन स्ट्रीटवरच्या नव्याकोऱ्या उंच इमारतींच्या जाहिरातींना भुलू नका. जिम, छतावरची बैठक, लॉबीतली कॉफी, या सगळ्याचे पैसे भाड्यात असतात. पंधरा-वीस मिनिटं चालायची किंवा बसने जायची तयारी असेल तर अर्बानाच्या बाजूला झाडांनी भरलेल्या शांत गल्ल्यांमध्ये जुनी, मोठ्या खोल्यांची घरं बरीच कमी भाड्यात मिळतात. माझी पसंती कायम अर्बानाला.

पत्ता वाचताना एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर घर भलतीकडेच निघेल. १८५४ साली इलिनॉय सेंट्रल रेल्वेने अर्बाना गावापासून दोन मैल पश्चिमेला रूळ टाकले आणि स्टेशनाभोवती नवी वस्ती उभी राहिली. तीच पुढे शॅम्पेन झाली. दोन्ही शहरं आपापल्या मध्यापासून रस्त्यांचे क्रमांक मोजतात. ग्रीन स्ट्रीट हा एकच सरळ रस्ता दोन्हींतून जातो. शॅम्पेनच्या हद्दीत कॅम्पसजवळ तो ‘ईस्ट ग्रीन’ असतो आणि राइट स्ट्रीट ओलांडून अर्बानात शिरलात की ‘वेस्ट ग्रीन’ होतो. म्हणजे ईस्ट ग्रीन पश्चिमेला आणि वेस्ट ग्रीन पूर्वेला! तोच घरक्रमांक दोन्हीकडे असू शकतो, म्हणून पत्त्यात शहराचं नाव आणि दिशा दोन्ही तपासा. काही रस्त्यांची नावंही हद्द ओलांडल्यावर बदलतात. शॅम्पेनची कर्बी अव्हेन्यू अर्बानात फ्लोरिडा अव्हेन्यू होते.

सही करण्याआधी लीजमध्ये या गोष्टी शोधा.

चौघांनी मिळून एकच लीज घेतलं तर बहुतेक वेळा पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर असते. एकजण मध्येच निघून गेला तर त्याचा वाटा उरलेल्या तिघांना भरावा लागतो. काही इमारती खोलीगणिक वेगळं लीज देतात, अनोळखी लोकांबरोबर राहणार असाल तर ते जास्त सुरक्षित.

वीज, गॅस, पाणी, इंटरनेट, पार्किंग यातलं भाड्यात काय धरलंय ते विचारा. जुन्या घरात हिवाळ्याचं हीटिंगचं बिल चांगलंच अंगावर येतं. आदल्या भाडेकरूला जानेवारीचं बिल किती आलं होतं, हा प्रश्न घरमालकाला बिनधास्त विचारा. वीज आणि गॅस अॅमरेन कंपनीकडून येतो आणि ज्या दिवशी लीज सुरू होतं त्या दिवसापासून खातं तुमच्या नावावर सुरू करावं लागतं.

लीज सुरू होण्याची नेमकी तारीख बघा. कॅम्पसजवळची बहुतेक घरं ऑगस्टच्या मध्याला एकाच सुमाराला रिकामी होतात आणि साफसफाईसाठी मध्ये काही दिवस जातात. तुमचं विमान एक तारखेला आणि लीज अठराला, असं झालं तर ते दिवस काढायची सोय आधीच हवी. उन्हाळ्यात बाहेरगावी गेलेल्या मुलांच्या खोल्या सबलीजवर म्हणजे पोटभाड्याने स्वस्तात मिळतात, त्यातली एखादी दोन-तीन आठवड्यांसाठी मिळवता येते. सीनियर मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जूनपासून विचारत राहा.

भारतात बसून लीज करताना न पाहिलेल्या घरासाठी परस्पर पैसे पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं अविश्वसनीय कमी आणि ‘आजच डिपॉझिट टाका’ अशी घाई, हे तिन्ही एकत्र आलं की ती फसवणूक समजा. तिथल्या एखाद्या ओळखीच्याला प्रत्यक्ष पाहायला सांगा किंवा व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला लावा. विद्यापीठाकडे कॅम्पसबाहेरच्या घरांसाठी मार्गदर्शन करणारा विभाग आहे. तिथली माणसं सही करण्याआधी लीज वाचून समजावून देतात, त्याचा उपयोग करून घ्या.

आत राहायला गेलात की पहिलं काम फोटोंचं. भिंतीवरचे ओरखडे, गालिच्यावरचे डाग, फ्रीजचा आतला भाग, बाथरूमची कडेची पट्टी, सगळं टिपा आणि त्याच दिवशी घरमालकाला ईमेलने पाठवा. वर्षाअखेरीला डिपॉझिट परत मागताना हाच पुरावा असतो.

बॅगेत काय आणि काय नको

तांदूळ, डाळी, हरभरे, बिया, ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, मांसाचं काहीही नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात, आणि जाहीर न करता नेलंत तर दंडही होतो. गावात भारतीय किराणा दुकानं आहेत, तूरडाळीपासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. घरचा गोडा मसाला, काळा मसाला, लसणाची चटणी, मेतकूट मात्र न्या, कारण ते तिथे घरच्यासारखं मिळत नाही. विमानतळावर कस्टम्सला खाद्यपदार्थ आहेत असं सरळ सांगा.

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज ११० ते १२० व्होल्टची असते, आपला मिक्सर चालणार नाही. कुकर न्या, सपाट बुडाचा. पोळपाट-लाटणं न्या. जाड थंडीचे बूट आणि कोट तिथेच घ्या, मुंबईत मिळणारे तिथल्या वाऱ्याला पुरत नाहीत.

कागदपत्रांची फाईल हातातल्या बॅगेत ठेवा: पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), प्रवेशाचं पत्र, लसीकरणाची नोंद. इलिनॉय राज्याच्या कायद्याप्रमाणे गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस आणि धनुर्वात-घटसर्पाच्या लशी तारखांसह सिद्ध कराव्या लागतात. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर निघण्याआधीच डॉक्टरांकडून लशी घेऊन टाका, तिथे त्याच लशी महागात पडतात. दातांची कामं आणि चष्म्याची जास्तीची जोडी, दोन्ही भारतातच उरका.

शिकागोहून गावापर्यंत

आंतरराष्ट्रीय विमान बहुतेक शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरतं. तिथून तीन मार्ग आहेत.

विमानतळावरूनच थेट शॅम्पेनला जाणारी बस सगळ्यात सोयीची, साधारण तीन तास लागतात. दोन मोठ्या बॅगा असणाऱ्याने दुसरा विचारच करू नये. तिकीट ऑनलाइन काढा आणि विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांनी सुटणारी बस धरा, कारण इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नसतो.

दुसरी अॅमट्रॅक या कंपनीची रेल्वे. इलिनी, सलूकी आणि सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स अशा गाड्या शिकागोच्या युनियन स्टेशनवरून सुटतात आणि अडीच ते पावणेतीन तासांत शॅम्पेनला पोचवतात. ओहेअरहून युनियन स्टेशनला जायला ब्लू लाइन मेट्रोने क्लिंटन स्टॉपला उतरून थोडं चालायचं. प्रवास सुंदर आहे, पण हे रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत. मालगाडी पुढे असली की आपली गाडी थांबते. परत येताना रेल्वेने शिकागो गाठून त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर तास ठेवा, किंवा बसने जा.

तिसरा मार्ग म्हणजे गावाजवळचा विलर्ड विमानतळ. छोटा आणि आटोपशीर आहे, वयस्कर आई-बाबांसाठी फार बरा. विमानं मात्र मोजकी. ओहेअरला मदतनिसाची व्हीलचेअर आधीच मागवली तर त्यांना तिथे विमान बदलणंही जड जात नाही.

रेल्वे आणि बाहेरगावच्या बस दोन्ही शॅम्पेनच्या मध्यातल्या इलिनॉय टर्मिनलला येतात आणि गावातल्या बसही तिथूनच सुटतात.

पहिला आठवडा

फोनचं सिम, मग बँक. खातं उघडायला सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) लागत नाही, पासपोर्ट, आय-२० आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. तो नंबर कॅम्पसवर नोकरी मिळाल्यावर काढायचा. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, ही मर्यादा कधीही ओलांडू नका. राहता पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या यंत्रणेत नोंदवायचा, हा व्हिसाचा नियम आहे आणि तात्पुरत्या घरातून कायमच्या घरात जाताना नेमका तोच राहून जातो.

आय-कार्ड म्हणजे विद्यार्थ्याचं ओळखपत्र पहिल्याच दिवशी काढा, कारण ते बसचा पासही असतं.

सामानाच्या बाबतीत ऑगस्ट हा सोन्यासारखा महिना. घरं बदलणारी मुलं टेबलं, खुर्च्या, दिवे, पुस्तकांचे कप्पे रस्त्याच्या कडेला ठेवून जातात. लाकडी आणि लोखंडी वस्तू खुशाल उचला. गादी, सोफा, कापडी खुर्ची कितीही चांगली दिसली तरी घरात आणू नका. ढेकूण एकदा शिरले की काढायला शेकडो डॉलर जातात. युनिव्हर्सिटी वायएमसीए मे महिन्यात मुलांचं जुनं सामान गोळा करते आणि ऑगस्टमध्ये ‘डंप अँड रन’ नावाने स्वस्तात विकते. भांडी, पंखे, हँगर, रजया, सगळं एका फेरीत होतं. सकाळी लवकर जा.

दुकानातल्या पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो बिलावर वाढतो. आल्डी या स्वस्त दुकानात ट्रॉली घ्यायला २५ सेंटचं नाणं लागतं, ट्रॉली परत लावली की नाणं परत मिळतं, आणि पिशव्या घरून न्यायच्या.

बस

गाडीशिवाय इथे उत्तम राहता येतं, आणि पहिल्या वर्षी तरी गाडी घेऊ नका असं मी सांगेन. विमा, पार्किंग, हिवाळ्यातली देखभाल यांत स्टायपेंड वितळून जातो. एवढ्या आकाराच्या अमेरिकन गावात अशी बससेवा क्वचितच सापडते. एमटीडी या गावातल्या बससेवेच्या बसना क्रमांकाबरोबर नावंही आहेत: यलो, ग्रीन, टील, सिल्व्हर, इलिनी. सोमवार ते शुक्रवार दिवसा जी ‘५ ग्रीन’ असते तीच संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ‘५० ग्रीन’ होते, ‘२२ इलिनी’ची ‘२२० इलिनी’ होते. एक शून्य वाढलं की फेऱ्या कमी आणि मार्गही थोडा वेगळा, हे ध्यानात ठेवलं की रविवारी थांब्यावर ताटकळायला लागत नाही. कॅम्पसच्या आत ‘आय-स्टॉप’ अशी खूण असलेल्या थांब्यांवर कार्डाशिवाय कुणालाही बसता येतं, ते आई-बाबांच्या उपयोगाचं. रात्री उशिरा प्रयोगशाळेतून एकट्याने परतायचं असेल तर सेफराइड्स नावाची सेवा आहे, तिचा नंबर फोनमध्ये ठेवा.

स्वयंपाकघर आणि फोडणी

याला वेगळा भाग देते आहे, कारण आपल्या मुलांची पहिली फजिती इथेच होते. घरं लाकडाची असतात आणि छताला धुराचा अलार्म असतो. मोहरी तडतडून त्यात मिरच्या पडल्या की तो केकाटतो. मोठ्या इमारतींमध्ये सगळ्यांना खाली उतरावं लागतं आणि अग्निशमन दलाची गाडी येते. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधणं हा लीजचा भंग आहे आणि जिवाशी खेळही.

उपाय सोपा आहे. तेल तापत ठेवण्याआधी चुलीवरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा, नंतर नाही. विजेची कॉइल उशिरा तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून मोहरी तडतडली की कढलं कॉइलवरून उचलून बाजूला घ्या आणि मग हिंग-हळद-मिरची घाला. उरलेल्या उष्णतेत फोडणी छान होते आणि जळत नाही. फुलके फुगवायला कॉइलवर तारेची जाळी ठेवा. मिरची आणि लाल तिखट एकदम गरम तेलात टाकायची सवय इथे सोडावीच लागते.

विद्यापीठाच्या वसतिगृहात मेणबत्ती आणि उदबत्तीला बंदी आहे. देवापुढे बॅटरीचा दिवा ठेवा. गणपती बसवणार असाल तर शाडूची छोटी मूर्ती आणून घरीच बादलीत विसर्जन करा, कॅम्पसमधून वाहणाऱ्या बोनयार्ड ओढ्यात किंवा बागांतल्या तळ्यांत नाही. मोठा सोहळा पाहायचा असेल तर शिकागोच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती आहेच, एका दिवसात जाऊन येता येतं.

हिवाळा आणि भोंगा

जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी उणे आठच्या आसपास असतो, पण खरा त्रास वाऱ्याचा. आजूबाजूला डोंगर नाही, जंगल नाही, शेतांवरून येणारा वारा सरळ तोंडावर बसतो. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे: आत घाम शोषणारा, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारा. कान आणि बोटं झाकलेली हवीतच. बर्फ पडताना चालणं सोपं असतं, दुसऱ्या दिवशी वितळून पुन्हा गोठलेल्या पारदर्शक बर्फावर माणसं पडतात. तेव्हा लहान पावलं टाका, हात खिशात घालू नका. नोव्हेंबरपासून साडेचार-पाचला अंधार पडतो आणि बऱ्याच मुलांना उदास वाटू लागतं. ते खरं असतं, आळस म्हणून झटकू नका. मॅकिन्ली आरोग्य केंद्र आणि समुपदेशन केंद्र त्यासाठीच आहेत.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावभर भोंगा वाजतो. ती चक्रीवादळाच्या इशाऱ्याची चाचणी असते, घाबरायचं कारण नाही. इतर कुठल्याही वेळी वाजला तर मात्र ताबडतोब तळघरात जा, तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत किंवा बाथरूममध्ये. वसंतात अशी वादळं जास्त होतात. आई-बाबा घरी एकटे असतील तर त्यांना हे आल्या दिवशीच दाखवून ठेवा.

आई-बाबा येणार असतील तर

पदवीदानालाच यायचं असेल तर हॉटेल जवळजवळ वर्षभर आधी धरा, किंवा मुलाच्याच घरी राहा. राइट आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लोराडो टाफ्ट या शिल्पकाराने घडवलेला, १९२९ चा ‘अल्मा माटर’चा पुतळा आहे. गाऊन घालून त्याच्यासमोर फोटो काढायला त्या आठवड्यात लांब रांगा लागतात. सकाळी सातला गेलात तर निवांत फोटो मिळतो.

पदवीदानाचा आग्रह नसेल तर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा सगळ्यात सुरेख काळ. हवा छान, झाडांना रंग चढत असतो, फक्त फुटबॉलच्या तारखा टाळा. पाच-सहा महिने राहणार असतील तर मेमध्ये बोलवा आणि ऑक्टोबरमध्ये पाठवा. डिसेंबर-जानेवारीत बोलावू नका असं मी स्पष्ट सांगते. मुलगा दिवसभर लॅबमध्ये, बाहेर बर्फ, शेजारी कुणी दिसत नाही, अशात त्यांचे दिवस जाता जात नाहीत.

त्यांच्या दिवसाची आखणी आधी करा. अर्बाना फ्री लायब्ररी आणि शॅम्पेन पब्लिक लायब्ररी दोन्ही उबदार, बसायला ऐसपैस, कुणी उठवत नाही. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळी अर्बानात लिंकन स्क्वेअर या मॉलच्या आवारात शेतकरी बाजार भरतो. भाजी घेण्यापेक्षा शेतकऱ्यांशी बोलायला जा, ते आपलेपणाने बोलतात. जुलै-ऑगस्टमधलं गोड कणीस तर आणाच. मेडोब्रुक पार्कमध्ये पुन्हा रुजवलेल्या उंच गवताच्या प्रेअरीतून शिल्पांच्या कडेने चालायची वाट आहे, सकाळच्या फेरीला ती उत्तम. स्परलॉक संग्रहालय आणि क्रॅनर्ट कला संग्रहालय दोन्ही विनामूल्य आहेत. २५ मैलांवर मॉन्टिसेलोजवळ अॅलर्टन पार्क आहे. तिथे गाडी लागते, पण एखाद्या मित्राची गाडी मिळवून दिवसभरासाठी नक्की न्या. रात्रीचं आकाश पाहायची हौस असेल तर मिडल फोर्क हे वन इलिनॉयमधलं पहिलं अधिकृत ‘डार्क स्काय पार्क’ आहे, २०१८ पासून.

बाबा शेतीतले असतील तर त्यांना मोरो प्लॉट्स दाखवल्याशिवाय सोडू नका. कॅम्पसच्या मधोमध मक्याचे हे छोटे वाफे आहेत. १८७६ पासून तिथे एकाच जमिनीवर पीक फेरपालटीचे प्रयोग चालू आहेत, अमेरिकेतली ही सगळ्यात जुनी प्रायोगिक शेती. एका वाफ्यात वर्षानुवर्षं फक्त मका, शेजारच्यात आलटून पालटून सोयाबीन. दोन्हीकडच्या ताटांची उंची आणि रंग यांतला फरक काठावर उभं राहून डोळ्यांनी कळतो. शेजारचं, २०२२ पर्यंत पदवीच्या मुलांसाठी असलेलं ग्रंथालय १९६९ मध्ये जमिनीखाली बांधलं, कारण इमारतीची सावली या पिकावर पडायला नको होती. आणि आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो: १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांबरोबर भारतात सोयाबीनच्या लागवडीवर काम केलं. पुढे ते पीक मध्य प्रदेशातून विदर्भ-मराठवाड्यात पसरलं. लातूर-वाशिमच्या माणसाला हे वाफे पाहताना जे वाटतं ते संग्रहालयात वाटत नाही.

विज्ञानाची आवड असेल तर ग्रीन स्ट्रीटच्या उत्तरेला इंजिनीअरिंगचा बार्डीन चौक आहे. पदार्थविज्ञानाचं नोबेल दोनदा, १९५६ आणि १९७२ ला, मिळवणारे जॉन बार्डीन इथेच शिकवत. मोझॅक हा वेब ब्राउझरही १९९३ मध्ये इथल्याच एनसीएसए या महासंगणकांच्या केंद्रात तयार झाला.

आता आजारपण. आई-बाबांचा प्रवासी आरोग्यविमा निघण्याआधी घ्या आणि मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार कितपत धरलेत ते वाचून बघा, बहुतेक स्वस्त पॉलिसीत ते नसतात. औषधं मुक्कामाच्या पूर्ण काळाची, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सर्दी-ताप, पोट बिघडणं, पाय मुरगळणं यासाठी इमर्जन्सीत न जाता वेळ न घेता जाता येणाऱ्या तातडीच्या दवाखान्यात जा, बिलात फार मोठा फरक पडतो. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, अर्धांगाची लक्षणं असली तर विचार न करता ९११ हा आपत्कालीन नंबर लावा. कार्ल हे मोठं रुग्णालय अर्बानातच आहे. विम्याचं कार्ड, औषधांची यादी आणि घरचा पत्ता इंग्रजीत लिहून फ्रीजवर चिकटवा.

भारताशी फोनची वेळ उन्हाळ्यात साडेदहा तास आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं, त्या आठवड्यात विमानाची वेळ दोनदा तपासा.

गाव सोडताना

उन्हाळ्यापुरते जाणार असाल तर खोली सबलीजवर द्यायची तयारी फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू करा. मे उजाडला की देणारे शेकडो आणि घेणारे थोडे असतात. घरमालकाची लेखी परवानगी लागते आणि सबलीज घेणाऱ्याने भाडं थकवलं तर जबाबदारी तुमच्यावरच येते, म्हणून माणूस पारखून घ्या.

कायमचे निघताना अॅमरेनचं आणि इंटरनेटचं खातं लीजच्या शेवटच्या तारखेला बंद करा. पोस्टात नवा पत्ता नोंदवा, बँकेची आणि कराची पत्रं बराच काळ येत राहतात. ओव्हन, फ्रीज आणि बाथटब स्वतः घासा, कारण डिपॉझिटमधून कापले जाणारे पैसे बहुतेक या तिघांचेच असतात. रिकाम्या घराचे फोटो काढा, किल्ल्या दिल्याची लेखी पोच घ्या आणि डिपॉझिट कुठे पाठवायचं तो पत्ता घरमालकाला ईमेलने कळवा. पाच किंवा जास्त घरांच्या इमारतीत, काही कापायचं असेल तर घरमालकाने ३० दिवसांच्या आत खर्चाचा तपशील पाठवायला हवा, आणि काही कापायचं नसेल तर ४५ दिवसांच्या आत रक्कम परत करायला हवी, असा इलिनॉयचा कायदा आहे. तपशील आला नाही तर तारखेनिशी लेखी मागणी करा आणि लीज वाचून देणाऱ्या त्याच विद्यापीठाच्या विभागाची मदत घ्या.